निघत नसतंय

परभणीत घरात कार्पेट चिकटवणं म्हणजे हवामानाशी उद्धटपणा करणं. मे महिन्यात पारा 44च्या पुढे सरकला, की इथला शहाणा माणूस शहाबादी फरशीवर पाणी शिंपडतो आणि उघड्या पाठीने आडवा होतो. तरीही नव्वदच्या दशकात आमच्या अण्णांनी बैठकीत हिरवंगार कार्पेट चिकटवून घेतलं. ताईला बघायला पुण्याचे पाहुणे येणार होते. आमचं घर काळ्या मातीवर. पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि फरश्या तिच्या तालावर वरखाली होतात. तो ताल पुण्याला दिसू नये, एवढाच हेतू.

लग्न जमलं. ताई आता आजी झाली. कार्पेटही यथावकाश धुळीला मिळालं, म्हणजे धूळच त्याला मिळाली. राहिलं ते खालचं सोल्युशन. ब्रशाचे फटकारे जसेच्या तसे, रंग काकवीचा, मधेमधे हिरवे केस आणि सांध्यातून आत गेलेलं चिवड्यातलं एक डाळवं. उन्हाळ्यात हे सगळं मऊ पडायचं आणि चप्पल धरून ठेवायचं. वसुलीवाल्यांना आमच्याइतकं कुणीच थोपवून धरलं नसेल.

असल्या डागावर औषध सांगत नाही असा माणूस परभणीत नाही. मावशी म्हणाली, रॉकेल. रेशनचं रॉकेल बंद होऊन जमाना झाला, हे तिला अजून मान्य नाही. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी गोडेतेल लावून रात्रभर ठेवायला सांगितलं. सोल्युशन हललं नाही, मुंग्या मात्र सहकुटुंब आल्या. अमेरिकेतल्या भाच्याने व्हिडिओ कॉलवरून बजावलं, की तिकडच्या जुन्या घरांतल्या काळ्या डामरी गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तपासल्याशिवाय खरवडायचं नाही. तिकडे म्हणे संत्र्याच्या सालीच्या तेलाने गोंद काढतात. आमच्याकडे संत्र्याची साल दिवाळीच्या उटण्यात जाते आणि तिने मळसुद्धा धड निघत नाही.

मेहुण्यांनी विचारलं नाही, सरळ ॲसिडची बाटली आणली. दिवाणाखाली ओतताच फसफस झाली आणि ते विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा, खातंय!" खात होतं खरं, पण फरशीला. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडलं की त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. रबरी सोल्युशनला ॲसिडचं काही देणंघेणं नसतं. एकेकाळी परभणी आणि शहाबाद दोन्ही निजामाकडे होते. 1948 साली निजामी गेली, पुढे शहाबाद कर्नाटकात गेलं, फरशी मात्र इकडे येतच राहिली. इतकं टिकलेलं नातं मेहुण्यांनी दोन मिनिटांत खरबरीत केलं.

थिनरने काम होतं, पण अर्धंच. गोंद विरघळतो, पातळ होतो आणि बिनपॉलिशच्या दगडात मुरून बसतो. शिवाय थिनर पेट घेतो, म्हणून देवघरातली समई विझवावी लागली. आई त्या दिवशी जेवताना कुणाशी बोलली नाही.

शेवटी मिस्तरी आला. उकिडवा बसला, नखाने टोकरून पाहिलं. "सर, हे उन्हाळ्यात निघत नसतंय. थंडीत बोलवा."

एवढा शास्त्रशुद्ध सल्ला कुणीच दिला नव्हता. गरम झालं की हे रबर चिवट होतं, गार पडलं की कडक आणि ठिसूळ. आणि गारठ्याची परभणीला काय कमी! डिसेंबर 2018मध्ये कृषी विद्यापीठात 2 अंशांची नोंद झाली होती. मे महिन्यात भाजून काढणारं हेच गाव डिसेंबरात दात वाजवतं, याचा घरकामासाठी उपयोग करावा हे आम्हाला सुचलं नव्हतं.

जानेवारीत भल्या पहाटे तो आला. स्टीलच्या डब्यात बर्फ आणि खडेमीठ भरलं, अगदी कुल्फीवाल्यासारखं, आणि डबा गोंदावर ठेवून चहा मागितला. चहा संपल्यावर डबा पुढे सरकवला आणि पटाशी जवळजवळ आडवी धरून हलकेच हाणली. पापडाएवढा तुकडा टणकन उडाला. खालून दगड निघाला फिकट राखाडी, पायांनी कधी न घासलेला. भोवतीची पट्टी मात्र वापरून वापरून काळीशार गुळगुळीत. डाळवंही सुटलं. ते मी खिशात टाकलं, ताईला दाखवायला.

दुपारपर्यंत बैठक मोकळी झाली. दिवाणाखालचा कोपरा मात्र मिस्तरीने मुद्दाम सोडला. का, म्हणून विचारलं तर पटाशी पुसत म्हणाला, "आमच्या वडलांच्या हातचं काम हाय सर. कसं धरलंय बघा की. गिऱ्हाइकाला दाखवायला राहू द्या."

आता तो गिऱ्हाइकं घेऊन येतो. चहा आम्हीच पाजतो.