मावशी, ताम्हिणी आणि चाळीस मिलिमीटर

चाकणच्या कारखान्यातली फोक्सवॅगन पोलो आपल्याकडे २०१० पासून २०२२ पर्यंत विकली गेली. तिच्या मालकांत दोन पंथ आहेत. पहिला पंथ गाडी चालवतो. दुसरा पंथ गाडी लावून झाली की चार पावलं मागे सरकतो, मान तिरकी करतो आणि टायर व मडगार्ड यांच्यातल्या फटीकडे बघत उभा राहतो. त्या फटीत चार बोटं सहज गेली, तर त्याला रात्री झोप लागत नाही.

आमचा जर्मन या दुसऱ्या पंथाचा. माणूस अस्सल पुण्याचा, पण मॅक्समुल्लर भवनात भाषेची एक परीक्षा पास झाल्यापासून कट्ट्यावर त्याला हेच नाव पडलं. त्यालाही ते आवडतं, ही खरी अडचण.

माझी जीटी टीएसआय. बाराशे सीसीचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, आणि एकूण रूप ‘मला कुठे जायचं ते विचारू नका’ असं. ती अलीकडे खड्ड्यातून गेली की बराच वेळ मान डोलवत राही, म्हणून गॅरेजवाल्या मामांकडे नेली. मामांनी बॉनेटवर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, परत वर आली. “शॉकअब गेले साहेब. बरा असता तर एकदा वर येऊन गप बसली असती.” मग पुढचं चाक काढून त्यांनी शॉकअबवरून बोट फिरवलं. बोटाला तेल आणि धूळ यांचा काळा लगदा. “हा बघा, रडतोय.”

वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअबचं काम तिला आवरण्याचं. आतल्या तेलातून दट्टा ढकलत तो स्प्रिंगच्या नाचाची उष्णता करून टाकतो. तेलच बाहेर आलं की स्प्रिंगला विचारणारं कोणी उरत नाही. इतपत मला कळलं होतं. पण जर्मन तिथे हजर होता आणि त्याच्याकडे बिलस्टीनची यादी होती. त्या कंपनीने मालाला जीवनसत्त्वांसारखी नावं दिली आहेत: कंपनीच्या जागी साधा घालायचा तो बी-४, मूळ उंचीवर पण कडक हवा तर बी-६, खाली बसवलेल्या स्प्रिंगबरोबर आखूड दांड्याचा बी-८, आणि उंचीच स्क्रूसारखी फिरवून बदलायची तर बी-१४ कॉइलओव्हर. जर्मनने स्वतःच्या पोलोला शेवटचा डोस दिलेला. गाडी चाळीस मिलिमीटर खाली.

“तूही तेच घाल,” जर्मन म्हणाला.

“कंपनीचे घाला आणि घरी जा,” मामा म्हणाले.

निकाल प्रयोगाने लावायचा ठरला. मावशीला दिवेआगरच्या सुवर्णगणेशाला जायचंच होतं. दोन पोलो न्यायच्या, मावशीने मुळशीपर्यंत जर्मनच्या गाडीत बसायचं, पुढे माझ्या. मोजमापासाठी एकाच घाण्यातल्या चकल्यांचे दोन सारखे डबे, प्रत्येक डिकीत एक. ही कल्पना जर्मनची. चकल्या मावशीच्या. प्रयोग आहे हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं.

चांदणी चौक सोडला आणि विज्ञानाला सुरुवात झाली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक सुमारे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलेला आहे, ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता यावा असा. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम अडीच मीटर. म्हणजे अख्खी गाडी त्या उंचवट्यावर चढते, उभी राहते आणि उतरते, पोटाला काही लागत नाही. आपल्याकडे मात्र गतिरोधक ग्रामस्थ घालतात, रात्री, उरलेल्या डांबरात. तो हातभर रुंद आणि हौस असेल तितका उंच. पुढची चाकं उतरलेली, मागची अजून चढायची, आणि मधे गाडीचं पोट त्याच्या बरोब्बर वर. पोलो नवी असताना जमिनीपासून १६८ मिलिमीटरवर असते. त्यातून चाळीस वजा करा, मग जर्मन, मावशी आणि देवाला नेलेले पाच नारळ वजा करा.

पिरंगुटच्या अलीकडे जर्मनने पहिला गतिरोधक तिरका घेतला. तिरका म्हणजे एकेक चाक चढवत, अख्खा रस्ता अडवून. मागे एसटी. एसटीच्या ड्रायव्हरने आधी एक भोंगा दिला, मग खिडकीतून डोकं काढून बघितलं आणि मग कुतूहलाने गप्पच झाला. टपरीवरची दोन माणसं उठून मदतीला आली. “घ्या, घ्या, अजून डावीकडे... थांबा!” खर्रर्र. “लागली.” मागच्या सीटवरून मावशी म्हणाली, “अरे, मी उतरते ना.” ती उतरली. गाडी निघाली. पुढच्या गतिरोधकाला ती न सांगताच उतरली, आणि पौडपर्यंत टपऱ्यांवरचे लोक तिला नमस्कार करू लागले.

मुळशीला भजी खाऊन आम्ही गाड्या बदलल्या. जर्मन माझी चालवणार, मावशी त्याच्या मागे. मी त्याच्या कॉइलओव्हरमध्ये एकटा.

आता खरं सांगायचं तर ताम्हिणीत त्या गाडीने माझं मन फिरवलं. वळणात स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी कलंडून मग विचार करते, ही माझ्या गाडीची सवय. ही लगेच वळते. कलणं नावापुरतं, टायर रस्त्याला धरून. डोंगराच्या कुशीतून एकामागून एक वळणं येत होती आणि मी चक्क गात होतो. बी-१४ च्या नळीत तेलाखाली दाबलेला वायू असतो, त्यामुळे सतत मार खाऊन तेलाला फेस येत नाही, घाट संपेपर्यंत पकड तीच. पैसे कशाचे घेतात ते तेव्हा समजतं. मग ताम्हिणीच्या पावसाने उखडलेला टप्पा आला. माझे दात एकमेकांवर आपटले आणि गाणं मधल्या स्वरावर तुटलं. डिकीतून चकल्यांचा आवाज आला. तो मी ऐकला नाही असं ठरवलं.

विळ्याच्या अलीकडे माझी पोलो कडेला उभी. मावशी दगडावर बसलेली, हातात लिंबू. जर्मन शेजारी उभा राहून तिला रिबाउंड समजावत होता. “मावशी, तुम्हाला मळमळतंय ते दर खड्ड्यानंतर गाडी तीनदा हलते म्हणून.” मावशी म्हणाली, “तू एकदाच हल आणि पाणी आण.”

माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन. दिवेआगरला आमची सोय वाडीतल्या एका घरी होती. मोठ्या रस्त्यावरून आत लाल मातीची वाट, दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. माझी गाडी डोलत डोलत आत गेली. जर्मनची रस्त्यावरच राहिली. यजमानांच्या मुलाने खाली वाकून बघितलं आणि विचारलं, “काका, पंक्चर आहे का चारही?”

अंगणात डबे उघडले. जर्मनच्या डब्यात चकलीची भाजणी परत झाली होती. माझ्या डब्यातल्या चकल्या काट्यासकट शाबूत, फक्त मावशीने त्यांच्याकडे बघायलाही नकार दिला. जर्मन बराच वेळ दोन्ही डब्यांकडे बघत होता. मी मामांना फोन लावला.

“मामा, उंची आहे तीच ठेवायची, शॉकअब तेवढे चांगले. बी-६ मागवा.”

“मागवतो. पण आधी लोअर आर्मचे बुश आणि वरचे माउंट नवे घालू, नाहीतर नव्या शॉकअबवर जुनी खडखड ऐकत बसाल. अलाइनमेंट शेवटी. आणि मागच्या स्प्रिंगा बसल्यात का तेही बघतो. मागे नेहमी कोण बसतं साहेब? वजन किती धरू?”

फोन स्पीकरवर होता. जर्मनने आकडा सांगायला तोंड उघडलं.

“पंचावन्न,” मावशी म्हणाली.

जर्मनने तोंड मिटलं.