जागा हवी : लांबी 17 फूट

घरी कायाक बांधायला घेतली तेव्हा ती बुडेल, असं सगळ्यांनी बजावलं. ती कोरडी असताना कुठे ठेवणार, हे मात्र एकानेही विचारलं नाही. 4 मिलिमीटरच्या मरीन प्लायच्या फळ्या कापायच्या, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने टाके घालायचे, सांधे इपॉक्सीने भरायचे, वर फायबरग्लासचं कापड चढवायचं. भोसरीतल्या मित्राच्या शेडमध्ये हे यथासांग पार पडलं. मग मित्राला तिथे नवा लेथ बसवायचा झाला आणि 17 फुटी होडी माझ्या पदरात पडली.

आमची बेडरूम 10 बाय 12. कोपऱ्यातून कोपऱ्यात आडवी लावली तरी साडेपंधरा फुटांच्या वर सरकत नाही. पण फरशीच्या कोपऱ्यातून निघून छताच्या समोरच्या कोपऱ्यात पोचलं, तर बरोबर 18 फूट मिळतात! (छत 9 फूट धरलं आहे, आणि होडीला रुंदी नाही असंही.) हे गणित मी आनंदाने बायकोला दाखवलं. पलंगावरून होडी तिरकी जाताना तिने मनात पाहिली असावी. "छान," ती म्हणाली, "मग त्या पायथागोरसकडेच झोपायला जा."

पार्किंगमध्ये ठेवली, तर सेक्रेटरी काका नियमावली घेऊन खाली आले. इथे फक्त वाहनं. मी म्हटलं, हे वाहनच आहे. नंबर प्लेट? नाही. पीयूसी? अहो, धूर सोडायला इंजिन कुठे आहे! "म्हणजे पीयूसी नाही," असं त्यांनी वहीत लिहून घेतलं.

गच्चीवर पापडांचं वाळवण चालतं, पण होडी चालत नाही; आणि ते एका परीने बरंच. उन्हाने इपॉक्सी खराब होते, म्हणून तर वरून व्हार्निशचे हात मारायचे. काळ्या ताडपत्रीखाली मे महिन्यात पारा 50-60 अंशांना पोचला, तर घरगुती इपॉक्सी मऊ पडायला लागते. बंद कप्प्यांतली हवा फुगते, त्यामुळे झाकणं उघडी ठेवायची. उघडी ठेवली की उंदरांचा गृहप्रवेश. आणि गंमत बघा, लाकडाला समुद्राचं खारं पाणी एक वेळ परवडतं, पण पावसाचं गोडं पाणी साचून राहिलं की कुजवणारी बुरशी धरते. होडीला सगळ्यात मोठा धोका पावसाचा!

ग्रीनलंडचे इनुइट लोक कायाक उंच मचाणावर ठेवत, कारण तिला सीलचं कातडं मढवलेलं असे आणि त्यांची कुत्री ते खाऊन टाकत. आमच्या सोसायटीतल्या कुत्र्यांनी प्लायवूड हुंगून सोडून दिलं. मुलांनी मात्र कॉकपिटमध्ये स्टंप ठेवले आणि वॉचमन मामांनी डबा.

कोकणात हा प्रश्नच नाही. पावसाळा आला की होड्या वाळूवर ओढायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या, नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात. गुहागरच्या आत्याची पडवी चांगली लांब आहे. "आण की," ती म्हणाली, "पालथी घाल, वर आमसुलं वाळतील." पण खडकवासल्याला तासभर वल्हवायचं तर आधी कुंभार्ली घाट उतरून होडी आणायला जावं लागेल.

जुन्या वाड्यांत तुळयांना कड्या असत. त्यांना पाळणा टांगा, झोपाळा टांगा. आज अशा दोन कड्या मिळाल्या तरी माझं काम होईल. टोकांना दोऱ्या बांधून लटकवायची नाही. दोन रुंद पट्टे, प्रत्येक टोकापासून साधारण पाव लांबीवर, आणि होडी पालथी. खाली तुमची स्कूटर आरामात मावेल.

तर पुण्यात कुणाकडे अशी ओसरी, गोडाऊन किंवा लग्न झालेल्या मुलीची रिकामी पण लांबलचक खोली असेल तर कृपया कळवा. ऊन नको, गळती नको. मांजर असल्यास प्राधान्य. भाडं देईन, आणि रविवारी होडी चालवायलाही देईन. फक्त पाऊस लागायच्या आत कळवा.