ग्रबकाका

कॉम्प्युटर बिघडल्याचं सांगायला तुम्ही ग्रबकाकांना फोन केलात, की पलीकडून आधी एक समाधानाचा हुंकार येतो. मग प्रश्न: "स्क्रीनवर काय आलंय? शब्द न् शब्द वाचा." तुम्ही म्हणता, काळ्यावर पांढरं काहीतरी आहे. "काहीतरी नव्हे! 'ग्रब रेस्क्यू' आहे का? आहे ना? मग कशाला हात लावू नका." ग्रब म्हणजे मशीन चालू होताच लिनक्सला उठवणारा प्रोग्रॅम, बूटलोडर.

ते येतात तेव्हा पायात घरातल्याच सपाता आणि हातात किल्ल्यांचा जुडगा असतो. जुडग्यात घराची किल्ली एक, स्कूटरची एक, बाकी सगळे पेनड्राइव्ह. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलेलं: 'डेबियन', 'मिंट', 'हा नको'. माणूस पिंपरीच्या कुठल्यातरी कारखान्यातून नाहीतर सरकारी खात्यातून निवृत्त झालेला. पुण्यात हे पेठेगणिक सापडतात, ठाण्या-नाशिकलाही आहेत. 2004 साली उबुंटू नावाचं लिनक्स निघालं आणि मागवली की सीडी घरपोच, तीही पोस्टेजसकट फुकट, असं कळलं, तिथून काकांचं बिनसलं. 2011 साली ती योजना बंद पडली, त्यात आपल्या घराचा मोठा वाटा आहे, असं काकूंचं ठाम मत आहे. उरलेल्या सीडी गॅलरीत टांगल्यात. कबुतरं येत नाहीत.

सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं ते काकांनीच, "व्हायरसचं नाव नको" म्हणून. मेंटेनन्सची बिलं त्यावर निघत. मग माजी सेक्रेटरी मुलाकडे न्यू जर्सीला गेले. जाताना शिक्का, पावतीपुस्तकं, टाकीच्या खोलीची किल्ली, सगळं सह्या घेऊन सुपूर्द केलं. पासवर्ड तेवढा राहिला. फोनवर म्हणाले, "गणपतीचंच नाव होतं बघा." वक्रतुंडापासून विनायकापर्यंत सगळी नावं, पुढे 123 लावून आणि न लावता, घालून झाली. मग काकांना बोलावलं.

"जुना पासवर्ड तेवढा काढून द्या," नवे सेक्रेटरी म्हणाले. काकांनी चष्मा काढला. हे वाक्य कोणीतरी उच्चारावं म्हणूनच ते जगतात.

"अहो, पासवर्ड मशीनमध्ये नसतोच! 'शॅडो' नावाच्या फायलीत त्याचं नुसतं पीठ असतं. पिठाचे परत गहू होतात का?"

"मग रोज ओळखतो कसा?" खजिनदार म्हणाले. त्यांना पहिल्यापासून संशय होताच.

"तुम्ही टाकता ते दळून बघतो आणि पीठ जुळवतो. नवा घालता येईल. जुना प्रत्यक्ष गणपती आला तरी सांगणार नाही."

खरं काम चहा निवायच्या आत होतं. मशीन चालू करताना शिफ्ट दाबून धरायची, ग्रबचा मेनू आला की 'ई' दाबायचं. 'लिनक्स'ने सुरू होणारी ओळ गाठायची, त्यातलं 'आरओ' खोडून 'आरडब्ल्यू' करायचं आणि शेवटी लिहायचं: इनिट इक्वल्स स्लॅश बिन स्लॅश बॅश. हे काका मोठ्याने म्हणतात, 'स्लॅश'वर जरा थांबून. मग एफ-टेन. लिनक्स निमूटपणे उठतं आणि कोण, कुठला काही न विचारता रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार काकांच्या हाती देतं. नवा पासवर्ड सेक्रेटरींनी स्वतः टाकायचा असा काकांचा नियम आहे. सेक्रेटरींनी टाकला. स्क्रीनवर अक्षर नाही, ठिपका नाही. "कीबोर्ड गेला वाटतं." "दिसत नाही, पण जातोय. टाका." शेवटी काका 'सिंक' ही आज्ञा तीनदा देतात. एकदा पुरते. पण जुने युनिक्सवाले तीनदा देत, आणि काका रीत मोडत नाहीत.

"म्हणजे हे कोणीही येऊन करू शकेल?" खजिनदारांचा चेहरा उतरला.

"कोणीही नाही हो. ज्याला या खुर्चीपर्यंत येता आलं, तोच."

पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत ऑफिसच्या कडीकोयंड्याचा विषय पहिला होता. ग्रबलाच पासवर्ड लावता येत नाही का, असंही तिथे कोणीतरी विचारलं, आणि जाणत्यांनी कपाळाला हात लावला. कारण आता 2015 सालची गोष्ट येणार. येतेच. लावता येतो, पण स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की ग्रब नाव विचारतं तिथे बॅकस्पेस मोजून 28 वेळा दाबली की पासवर्ड न देता आत! ती फट केव्हाच बुजवली गेली. गोष्ट मात्र मुंजी, लग्न, पूजा, सगळीकडे होते. सत्तावीस वेळा दाबून कंटाळलेल्या माणसांची काकांना मनापासून कीव येते.

पण त्यांचा खरा जीव बूटलोडरवर. कुणाच्या तरी भाच्याने गेमसाठी लिनक्सशेजारी विंडोज घातलं आणि ग्रब पुसलं गेलं, की काका भाच्याला रागावत नाहीत, जवळ बसवून घेतात. जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर 512 बाइटचा. बूटलोडरचा कोड 446, विभागांचा तक्ता 64, सही 2. बेरीज भाच्याने तोंडी करायची. विंडोजने त्या 446 वर घाला घातला, लिनक्स मागे शाबूत आहे, त्याला फक्त कोणी उठवत नाही. मग पेनड्राइव्हवरून मशीन उठवायचं, लिनक्सचा विभाग माउंट करायचा, 'सीएचरूट'ने त्यात शिरायचं आणि ग्रब पुन्हा बसवायचं. नव्या यूईएफआय मशीनमध्ये ही बेरीज उरली नाही, म्हणून काका त्यांच्याबद्दल जरा तुटक बोलतात.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल आणि तिचाच पासवर्ड हरवला असेल, तर मात्र कुठलीच युक्ती चालत नाही. तेव्हा ते चहा संपवतात, "बॅकअप होता का?" असं हळू विचारतात आणि सपाता शोधू लागतात.

सोसायटीची बिलं निघाली. दोन दिवसांनी सेक्रेटरींचा फोन: ब्राउझर उघडला की 'कीरिंग'चा पासवर्ड मागतोय, नवा चालत नाही.

"चालणार कसा? ते कुलूप जुन्या पासवर्डचं आहे. नवं कीरिंग करावं लागेल. त्यात साठवलेले पासवर्ड गेले."

"अहो, हे तेव्हाच नाही का सांगायचं?"

"तेव्हा तुम्ही विचारलंत कुठे?" काका म्हणाले. "उद्या बघू. आज तिसऱ्या मजल्यावर ग्रब गेलंय." आवाज अगदी सणासुदीचा होता.