बुकॅननांची सून

"काकू, हा घ्या तुमचा 'द ग्रेट गॅट्सबी'. काल रात्री जागून संपवला. त्या डेझीच्या दोन कानाखाली वाजवाव्यात असं झालं बघा!"

"अगं हळू, कढीपत्ता मोडशील. दे इकडे. आणि तिच्यावर एवढी का उखडलीस? मला तर बाई तिची कीव येते."

"कीव? लुइव्हिलच्या पैसेवाल्या घरातली लेक, अठराव्या वर्षी दाराशी स्वतःची पांढरी गाडी, मागे लष्करी अधिकाऱ्यांची रांग. लग्नात नवऱ्याने मोत्यांची माळ दिली ती साडेतीन लाख डॉलरची. 1919 सालचे साडेतीन लाख हो! यात कीव करण्यासारखं काय आहे?"

"त्या माळेचं पुढे काय झालं ते वाचलंस ना? लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पोरगी पिऊन तर्र, हातात कुणाचं तरी पत्र आणि माळ टाकलेली कचऱ्याच्या टोपलीत. ज्याची आहे त्याला नेऊन द्या म्हणते. शेवटी मैत्रीण, ती जॉर्डन बेकर, तिला गार पाण्याच्या टबात बसवते. तिथेही पत्र सोडेना. भिजून पार लगदा झाला, तेव्हा कुठे साबणदाणीत ठेवू दिलं."

"आणि अर्ध्या तासात माळ घालून बाईसाहेब बाहेर हजर! दुसऱ्या दिवशी पाचला टॉम बुकॅननशी लग्न, चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. पत्राचा लगदा झाला, मोत्यांना मात्र ओरखडा नाही. इथेच ओळखलं मी तिला."

"मग नवराही ओळख की! लग्नाला तीन महिने होतात न होतात तोच हॉटेलातल्या एका कामवालीला गाडीत घालून फिरताना अपघात करून बसला, पेपरात छापून आलं. मुलगी जन्मली तेव्हा तासाभरात स्वारी कुठे होती, पत्ता नाही. म्हणून तर डेझी म्हणते, पोरगी दिसायला छान आणि अकलेने बेताची निघाली तर बरं. स्वतःला सगळं कळत होतं, त्याचंच दुःख."

"बोलते ती छानच. तिथेच तर सगळे फसतात. तिचा लग्नाआधीचा प्रियकर, तो गॅट्सबी, पाच वर्षं झुरला, तिच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा दिसावा म्हणून खाडीच्या अलीकडे बंगला घेतला. आणि त्याचे ते रंगीबेरंगी शर्ट बघून ही रडते. का, तर इतके सुंदर शर्ट कधी पाहिले नव्हते म्हणून!"

"अगं, शर्टांसाठी कुणी रडतं का? टॉमशी लग्न केल्याचं रडणं होतं ते. आणि गॅट्सबी काय कमी? प्लाझा हॉटेलात भर उन्हाळ्यात सगळ्यांसमोर तिच्या मागे लागला, टॉमवर माझं कधी प्रेमच नव्हतं असं म्हण. खोटं कसं म्हणेल? दोघांवरही होतं. ती एवढं खरं बोलली तर हा कोलमडला. त्याला बाई नको होती, पाच वर्षं मनात बसवलेली मूर्ती हवी होती."

"बरं, ते सोडलं. पण परतताना गॅट्सबीची गाडी कोण चालवत होतं? डेझी. टॉमची ती बाहेरची बाई, मर्टल विल्सन, धावत रस्त्यात आली, हिने आधी बाजूला घेतली, मग समोरून येणाऱ्या गाडीला घाबरून परत तिच्याच अंगावर! आणि थांबली नाही."

"घाबरली गं."

"रस्त्यात घाबरली, पटलं. घरी पोचल्यावर? स्वयंपाकघरात नवऱ्यासमोर बसलीय, मध्ये गार झालेलं चिकन आणि दोन बाटल्या बिअर, त्याचा हात हिच्या हातावर. आणि टॉम हिला त्रास देईल म्हणून गॅट्सबी अंधारात बाहेर पहारा देतोय! दुसऱ्या दिवशी मर्टलच्या नवऱ्याने त्याला गोळी घातली, तोवर ही दोघं सामान बांधून पसार. पत्ता ठेवला नाही, अंत्यविधीला एक फूल नाही."

"फूल नाही पाठवलं, ते मलाही खुपलंच. पण त्या घरात सगळ्यांची तीच रीत. जॉर्डन आठव, गाडी मजुरांच्या इतकी जवळून नेली की एकाच्या कोटाच्या बटणाला घासली. वर म्हणते काय, बाकीचे सांभाळतील की! निस्तरायला माणसं असली की माणूस असाच होतो."

"नाही काकू. जॉर्डनचं खरंच लक्ष नसतं. डेझीचं असतं. ऑक्टोबरअखेर गोष्ट सांगणाऱ्या निकला टॉम भेटतो, तेव्हा तो काय म्हणतो? गॅट्सबीने मर्टलला चिरडलं आणि गाडीही थांबवली नाही."

"म्हणजे... नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही म्हणतेस?"

"किंवा नेमकं उलटं सांगितलं. मी तेच पान दोनदा वाचलं. आणि चिडलेल्या विल्सनला गाडी कुणाची हे सांगितलं टॉमनेच. आता सांगा, गॅट्सबीचा जीव घेतला कुणी?"

"हे माझ्या लक्षात नव्हतं आलं. बिचारी बिचारी म्हणत होते मी."

"बेफिकीर म्हणतात तिला! अहो, आपलं बस्तान कुठे पक्कं आहे हा हिशेब त्या बाईचा कधी चुकला नाही."

"एकदा चुकला ना. स्टिअरिंग हातात होतं तेव्हा."

"तोही लिहिला गेला गॅट्सबीच्या नावावर!"