चौदाशे वर्षांचे चांगदेव आणि नाथांचा विंचू

चांगदेव चौदाशे वर्षं जगले, असं म्हटलं की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं सरसावून बसतात. एक म्हणतो, "जगले असणारच. योगबळापुढे काय अशक्य आहे?" दुसरा म्हणतो, "काहीतरीच काय! शरीर म्हणून काही शास्त्र आहे की नाही?" वाद रंगतो, चहा निवतो आणि चांगदेव बिचारे वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक धरून, निकालाची वाट बघत राहतात. दोघे स्वतःला एकमेकांचे कट्टर विरोधक समजतात खरे. पण पुराण वाचतात ते दोघंही ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीसारखं. भांडण काय ते नोंद खरी की खोटी एवढंच.

गोष्टीची खरी मजा पत्रात आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसलेले चांगदेव मायन्यावरच अडले. 'चिरंजीव' लिहावं तर समोरचा ज्ञानानं थोर. 'तीर्थरूप' लिहावं तर वयानं अगदीच पोर. शेवटी त्यांनी कोराच कागद धाडला. तो बघून मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला की! मग निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्यांचं उत्तर पाठवलं, तीच 'चांगदेव पासष्टी'. पोरवयाच्या मुक्ताईनं चांगदेवांकडे जन्माचा दाखला मागितला नाही. कागद हातात घेतला आणि माणूस वाचला. नोकरीत पस्तीस वर्षं काढूनही कोरे राहिलेले चांगदेव आपल्याही ओळखीचे असतात. फक्त त्यांना वाघ परवडत नाही.

धर्मग्रंथ रूपक म्हणून वाचणं ही इंग्रजी शिकलेल्यांनी काढलेली पळवाट आहे, असं काहींना वाटतं. त्यांनी १२९० सालच्या 'ज्ञानेश्वरी'चा पहिला अध्याय उघडावा. तिथल्या गणपतीचे सहा हात म्हणजे सहा दर्शनं, परशू म्हणजे तर्क, अंकुश म्हणजे न्याय, मोडका दात म्हणजे खंडन झालेलं बौद्धमत आणि मोदक म्हणजे वेदान्त. घरच्या मूर्तीला हात चारच; उरलेले दोन कुठं गेले, अशी तक्रार कुणा वारकऱ्यानं केल्याचं ऐकिवात नाही. तो वेदान्ताच्या मोदकाला मान डोलावतो आणि घरी येऊन खोबऱ्याच्या सारणाचा मोदक तितक्याच भक्तीनं खातो. दोन्ही त्याला पचतात.

असं वाचणं नेहमी गोडच लागतं असंही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त दशावतारांचा पार वेगळाच अर्थ लावला. मत्स्य म्हणजे लहान, चपळ होड्यांतून आलेली टोळी, कच्छ म्हणजे मोठ्या, संथ होड्यांतून आलेली. आणि पाताळात घातलेला बळी हा रयतेचा राजा. हा इतिहास किती टिकतो यावर विद्वानांनी खुशाल भांडावं. पण दिवाळीत 'इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणणारे आपण वामनाकडून की बळीकडून, हा अवघड प्रश्न जोतीरावांनी फराळाच्या ताटाशेजारीच आणून ठेवला.

उलट काही मंडळी रूपकाच्या इतकी मागे लागतात की गोष्टच शिल्लक उरत नाही. कृष्णानं लोणी चोरलं म्हणायचा अवकाश, लगेच 'लोणी म्हणजे मन' सुरू. अहो, निदान एक गोळा तरी खाऊ द्या त्याला!

तरीही शब्दशः अर्थ लोकांना प्रिय का, हे मला हळूहळू उमगू लागलं आहे. तो स्वस्त पडतो. दहा तोंडांचा रावण लंकेत खरोखर होता असं मानलं, की तो लंकेतच राहतो. दसऱ्याला जाळायचा आणि भेळ खात घरी यायचं. तो नव्हताच म्हटलं, तर भेळ तेवढी उरते. रूपक झालेला रावण मात्र पाठोपाठ जिना चढून वर येतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण दहा तोंडांनी बोलू लागलो, की शेजारी त्याला ओळखतात; आपल्याला तो दिसत नाही.

एकनाथांना माणसाची ही खोड पुरती ठाऊक होती. त्यांच्या भारुडात विंचू चावतो, सोंग घेतलेला गडी गडाबडा लोळतो आणि हसून हसून लोकांची मुरकुंडी वळते. हसू ओसरायच्या आत कळतं की विंचू कामक्रोधाचा आहे आणि उतारा सत्त्वगुणाचा. कोकणातल्या खऱ्या लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपाय रूढ केला, त्यानं कितीतरी जीव वाचले. ते औषध दुसरा कुणी देतो, आपण गिळलं की झालं. नाथांच्या विंचवाचा उतारा ज्याचा त्यालाच करावा लागतो. म्हणूनच बहुधा, विंचू खरा होता की खोटा यावरच आपण रात्र काढतो.