दिंडोशीचा किनारा

मुंबईत गोरेगावजवळच्या दिंडोशीत वॉटरफ्रंट रेस्टॉरंट काढायची कुणाला हौस आली, तर त्याने आधी पाणी शोधावं. समुद्र पश्चिमेला, मधे द्रुतगती महामार्ग आणि रेल्वेचे रूळ. आरे कॉलनीत उगम पावणारी ओशिवरा नदी जवळ आहे, पण तिच्या काठी टेबल मांडायचं तर सुवासिक मेणबत्त्या डझनाने लागतील. चित्रनगरीत तलाव आहे, आणि डबक्याला काश्मीर बनवणारी माणसंही तिथेच मिळतात.

पावसाळ्याची तर चिंताच नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरातली कितीतरी उडपी हॉटेलं पाण्याकाठीच काय, पाण्यातच होती. तेही सर्व्हिस चार्ज न लावता.

भिंतीवर स्थानिक इतिहास हवाच, कारण त्याशिवाय हल्ली बिल फुगत नाही. मृणाल गोरे यांचा फोटो लावावा. गोरेगावकरांच्या नळाला पाणी यावं म्हणून त्या लढल्या, लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटलं. सामान्यांना परवडणारी, त्यांच्या नागरी निवारा परिषदेची घरंही याच दिंडोशीत उभी राहिली. त्या फोटोखाली बसून साधं पाणी मागून बघा. वेटर अदबीने विचारेल, “सर, हिमालयन की स्पार्कलिंग?”