डीजेसाहेब, अंतरा कुठे गेला?

सन्माननीय डीजेसाहेब यांस,

साष्टांग नमस्कार. आपल्या बेसमुळे गुडघे अजून थरथरतात, उभ्याने नमस्कार जमत नाही.

गेल्या रविवारी माझ्या थोरल्या भावाच्या साठीला आपण लॉन्सवर जी सेवा बजावलीत, तिचे जाहीर आभार मानावेत म्हणून हे पत्र. कार्यक्रमाआधी मी आपल्या हाती एक पेनड्राइव्ह दिला होता. दादा कॉलेजात असताना दुकानात यादी देऊन कॅसेटी भरून आणायचा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर आशा भोसले संपल्या की लेड झेपेलिन सुरू. त्याच आवडीची गाणी मी पेनड्राइव्हवर क्रमाने लावली होती. आपण यादीवर नजर टाकलीत आणि म्हणालात, ‘‘काका, अर्धं हिंदी, अर्धं इंग्लिश. असलं मिक्स कुठे चालत नाही.’’

इतक्या अधिकारवाणीने सवाई गंधर्वच्या मांडवातही कुणी बोलत नाही.

यादीत एकेका सालातल्या गाण्यांच्या जोड्या होत्या. १९५७ : ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’ आणि एल्व्हिसचं ‘जेलहाउस रॉक’. १९७१ : ‘दम मारो दम’ आणि लेड झेपेलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’. १९७५ : ‘शोले’तलं पंचमदांनी स्वतः गायलेलं ‘मेहबूबा मेहबूबा’ आणि क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’. आपल्याला या जोड्या विजोड वाटल्या. साहजिक आहे. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रम्पेट स्वतःच्या गाण्यांत घेऊन बसले, तेव्हा त्यांनी आपली परवानगी घेतली नव्हती. जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत रेकॉर्डिंगला आला, तोही आपल्याला न विचारता. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत बासरी वाजवणारे हरिप्रसाद चौरसिया तिथे बीटल्सच्या ‘द इनर लाइट’साठी वाजवून गेले. १९७२मध्ये लेड झेपेलिनचे पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन स्वतःचीच दोन गाणी पुन्हा वाजवून बघितली. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी तर पाचगणीला शिकला. त्याचा पहिला बँड तिथल्या शाळेत उभा राहिला. आपण पाचगणीला गेलात तर स्ट्रॉबेरी खाऊनच परत याल याची खात्री आहे.

पण यादी नाकारलीत याचं मला फार वाटलं नसतं. माझ्या आग्रहाखातर आपण त्यातली काही गाणी वाजवलीत, तिथे घात झाला.

‘दम मारो दम’ची सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली होती, पुढे गझला गाणारे तेच. ती आपण उडवलीत. थेट आशाबाईंवर आलात, त्यांच्या आवाजाखाली ढिंच्याक ठेका सरकवलात आणि मुखडा संपताच पुढचं गाणं. ‘स्टेअरवे’त ड्रम यायला चार मिनिटं उलटावी लागतात. जॉन बॉनमसारखा ड्रमवाला हात आवरून चार मिनिटं थांबला. आपल्याला चार सेकंद धीर निघाला नाही. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’त गाणारा गप्प झाल्यावर दोन मिनिटं नुसत्या दोन गिटारी बोलतात. त्या बोलू लागल्या आणि आपण माइकवरून दादाला केक कापायला बोलावलंत. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’ सहा मिनिटांना पाच सेकंद कमी आहे. एवढं लांब गाणं रेडिओवर चालणार नाही, असं सांगणारे तेव्हाही होते. आपली परंपरा जुनी आहे!

थट्टा पुरे. हिंदी गाण्यात परदेशी बाजा शिरला तो दोन कडव्यांमधल्या मोकळ्या जागेत. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणारे गोव्याचे वादक तिथेच आपला हात दाखवून गेले. शंकर-जयकिशनच्या कितीतरी गाण्यांचे हे मधले तुकडे सेबॅस्टियन डिसोझांनी नोटेशनमध्ये लिहून काढले. ते वाजवणाऱ्या बहुतेकांची नावं पडद्यावर आली नाहीत, रेकॉर्डच्या कव्हरवर आली नाहीत. त्यांचं जे काही उरलंय ते त्या वीस-तीस सेकंदांत. आणि तुम्ही नेमकं तेवढंच कापता! दर रात्री, दर लॉन्सवर, बोटाच्या एका टोकाने. हा शुद्ध कृतघ्नपणा आहे.

धुराचं यंत्र, डोळ्यांत घुसणारे लेझर आणि ‘‘काकू, हात वर!’’ यांबद्दल मी काही बोलत नाही. ‘झिंगाट’शीही माझं वैर नाही. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये वाद्यवृंद वाजवून घेतला. म्हणजे ज्याच्या जिवावर तुमचा लग्नाचा हंगाम चालतो, तो सिनेमाही मिक्सच. ‘झिंगाट’चाही अंतरा मी तुमच्याकडून कधी ऐकलेला नाही.

आता अहोजाहो सोडतो. पोरा, मी तुझ्याशी भांडायला आलो तेव्हा तुझ्या कन्सोलभोवती माझेच नातेवाईक फोन नाचवत उभे होते. भाच्याला पंजाबी हवं होतं, मेव्हण्याला नागीन. प्रत्येकाला आपलं गाणं आत्ता हवं आणि दुसऱ्याचं मिनिटात संपायला हवं. दहाला स्पीकर बंद करायचा कायदा, आणि साडेनऊपर्यंत आमची भाषणं. त्यातलं एकही भाषण कुणी मुखड्यावर थांबवलं नाही. उरलेल्या अर्ध्या तासात एवढ्या फर्माइशी. अंतरा बसवणार कुठे? सगळं आवरल्यावर केटररने तुझ्या हातात गार पुलावाची डिश दिली, आणि उरलेल्या पैशांसाठी आमच्या घरच्यांनी ‘सोमवारी बघू’ म्हणून हात झटकले. ते मिळाले नसतील तर मला कळव. त्या भांडणात मी तुझ्या बाजूने आहे.

गिटारींच्या बाबतीत मात्र माफी नाही.

यजमान मंडळींनो, साठी असो की साखरपुडा, डीजेला वेळेवर जेवू घाला, ठरलेले पैसे त्याच रात्री द्या आणि एक गाणं अथपासून इतिपर्यंत वाजवायची मुभा द्या. पोरा, तूही ते एक गाणं पूर्ण लाव. अंतरा, मधला तुकडा, शेवटची गिटार, सगळं. नाचणारे थांबतील, काही जण खुर्च्यांवर जाऊन टेकतील. टेकू देत. खुर्च्यांचं भाडं भरलेलं असतं.

आपला,
पेनड्राइव्हवाला काका